उजव्या बाजूचा खळगा

आत्या टाच मोडून घरी आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी कारखान्यात पोचली होती. मी कुलूप उघडायला गेलो तर ही दाराशी उभी. डाव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर, काखेत कुबड्या, आणि चेहऱ्यावर मला उशीर झाल्याचा राग.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?" मी विचारलं.

"पाय टेकवू नका म्हणाल्या."

"मग?"

"मग टेकवलाय कुठं? प्लास्टर टेकवलंय."

आमचा कारखाना म्हणजे एका ओळीत चार खोल्या. तिथं हातानं खुर्च्या बनतात. सुतार सांगाडा करतो. मी कातारी, म्हणजे लेथवर लाकूड फिरवून खुर्चीचे पाय, दांडे, मुठी कातून देणारा. आत्या वेताच्या पट्ट्यांनी बैठक विणते. आणि खुर्ची कशी असावी हे ठरवते ती डिझायनर, आत्याची सख्खी भाची. तिच्या गळ्यात सदा मोजायची टेप लोंबत असते, म्हणून तिला आम्ही मोजपट्टी म्हणतो, तेही तोंडावर. मला सगळे थापाड्या म्हणतात. ह्यात माझ्यावर अन्याय किती झालाय ते वाचता वाचता कळेलच. ह्या गोष्टीतलं जे खोटं वाटेल ते खरं आहे. जे अगदीच खरं वाटेल, तिथं मात्र जरा जपून.

आत्या माझ्याहून तीन वर्षांनी लहान, तरी मीही तिला आत्याच म्हणतो. चाळीस वर्षं ती विणतेय, आणि चाळीस वर्षं उभ्यानं. तिचं टेबल छातीइतकं उंच आहे. पट्टी वरून खेचली तरच घट्ट बसते असं तिचं म्हणणं. कमरेला जाड कापडाचा एप्रन, त्याला उजव्या बाजूला जरा मागे शिवलेला चामड्याचा खिसा, कारण पुढचा खिसा वेतात अडकतो. त्या खिशात पकड, टोकाला बूच लावलेली टोचायची आरी, छोटी कात्री आणि पट्टी भोकात दाबून धरायच्या आठ लाकडी खुंट्या. हात न बघता मागे जातो आणि हवं ते घेऊन येतो. ती शिडीवरून पडली तेव्हासुद्धा वेताचा जुडगा एका हातात आणि दुसरा हात खिशावर. खिशातलं काही सांडलं नाही. टाच तेवढी गेली.

तर पुढचे पंधरा दिवस आत्या एका पायानं आणि एका प्लास्टरनं कारखानाभर फिरत होती. टक, घस. टक, घस. कुबड्यांचा उपयोग ती माळ्यावरचा वेत खाली ओढायला करायची. पायाला भिंगरी म्हणतात तशी ती आधीपासूनच होती. आता त्या भिंगरीला आवाज आला एवढंच. पंधराव्या दिवशी हाडांच्या डॉक्टरबाईंनी पुन्हा फोटो काढला आणि काच लावलेल्या दिव्यासमोर धरला.

"भेग वाढलीय," त्या म्हणाल्या. "तीन आठवड्यांनी पुन्हा बघू. तोवर ह्या बसून राहिल्या तर हाड जुळेल. नाही राहिल्या तर ऑपरेशन. आणि ऑपरेशननंतर उभं राहून काम हा विषय संपला."

"पलंगावर झोपवून ठेवते," मोजपट्टी म्हणाली.

"पलंगावर आजारी माणसं झोपतात," आत्या म्हणाली.

"तू कोण आहेस?"

"माझी टाच आजारी आहे. तिला झोपव."

परतताना मोजपट्टी गाडीत गळ्यातल्या टेपशी खेळत होती. टेपचं टोक बाहेर काढायची, सोडायची. खट्. पुन्हा काढायची. खट्. मला वाटलं, ही आता माझं नाकबिक मोजते की काय.

तिची कामाची पद्धत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ती कागदावर आधी रेघ ओढत नाही. आधी सामानाबरोबर राहते. पितळेची नवी मूठ आली की आठवडाभर ती मूठ खिशात घालून हिंडते. हात आपोआप मुठीकडे गेला तर मूठ चांगली. चामडं आलं की अर्धं उन्हात आणि अर्धं पाण्यात ठेवून त्याचा स्वभाव बघते. लाकूड तर घरी नेते. तिच्या नवऱ्यानं मला एकदा कोपऱ्यात गाठून विचारलं होतं, की ती अक्रोडाची फळी आणखी किती दिवस पलंगावर झोपणार आहे. मी म्हटलं, सुकेपर्यंत. तो बिचारा चार महिने जमिनीवर झोपला. जे सामान स्वभावाला वाईट निघतं, जी वस्तू हाताला पटत नाही, ती एका कपाटात जाते. त्याला आम्ही नापासांचं कपाट म्हणतो. त्याची किल्ली तिच्याकडेच.

"काका," दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "ह्या खोल्यांत अकरा खुर्च्या आहेत आणि आत्या एकीतही बसत नाही. का?"

"मीही नाही बसत."

"तुमचं नंतर बघू."

तिनं आत्याला एका तयार खुर्चीत बसवलं. आमची सगळ्यात चांगली वेताची खुर्ची. आत्या बसली, दोन्ही तळवे बाजूला बैठकीवर टेकवले, बोटं पट्ट्यांवरून फिरली, आणि ती उठली.

"ह्या तिसऱ्या ओळीत पट्टी उलट्या अंगानं गेलीय. आरी कुठाय?"

हे असं होतं. वेतावर बसली की तिला वेत दिसायचा. दुसऱ्याला बसायला जागा करता करता तिचं स्वतःचं बसणं राहून गेलं होतं.

मोजपट्टीनं मग गादीची खुर्ची केली. मऊ चामडं, आत लोकर. ती इतकी मऊ झाली की कारखान्याचं मांजर सकाळी बसलं ते तिसऱ्या दिवशी उठलं, तेही कूस बदलायला. आत्या तिच्यात दोन मिनिटं होती. "हिच्यात माणूस बुडतो," ती म्हणाली, "मला माझा पाय दिसेना." आणि टक, घस सुरू.

पाच दिवस गेले होते. मोजपट्टी खोलीत गोल गोल फिरत होती, आत्या लांबीत फिरत होती, आणि दोघी मध्ये मध्ये एकमेकींना वाट देत होत्या. सुतार रंधा थांबवून बघायचा आणि पुन्हा चालवायचा. माझाही लेथ बंद-चालू, बंद-चालू. असं वाटायचं की ह्या चार खोल्यांनाच कोणीतरी खाज सुटायची पूड टाकलीय.

सहाव्या दिवशी मोजपट्टी थांबली. "वीण नको. गादी नको. घट्ट लाकूड, पण तिच्या अंगाचं. जसं चप्पल झिजून पायाची होते तसं. चाळीस वर्षं झिजलेलं, पण पहिल्या दिवसापासून." आणि ती घरी जाऊन अक्रोडाची फळी घेऊन आली. नवरा फळीला दुसऱ्या टोकाला धरून आला होता. इतका आनंदी माणूस मी त्या वर्षी दुसरा पाहिला नाही.

बैठकीचा ठसा घ्यायचा होता. एका पेटीत कुंभारमाती भरली, वर ओलं फडकं अंथरलं. आत्यानं त्यात बसायचं आणि माती जरा धरेपर्यंत अकरा मिनिटं हलायचं नाही.

"अकरा मिनिटं? मी शाळेतसुद्धा एवढी बसले नव्हते."

"काका गोष्ट सांगतील," मोजपट्टी म्हणाली आणि तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी ताबडतोब सुरुवात केली.

"मी तरुण असताना एका न्यायाधीशासाठी स्टूल कातलं होतं. एका पायाचं."

"मागच्या वेळी तीन पाय होते," आत्या म्हणाली. पण बसली.

"मागच्या वेळी तू घाईत होतीस. एका पायाचं सांगायला वेळ लागतो. तर त्या न्यायाधीशांना खुर्चीत झोप लागायची. मी म्हटलं, साहेब, तुम्हाला असं स्टूल देतो की झोप लागली की खाली पडाल. असं सरळ कातलं की रिकामं असलं तरी एका पायावर उभं. फक्त एक झालं. पाय इतका गुळगुळीत झाला की बसणाऱ्यानं श्वास घेतला की स्टूल केसभर फिरायचं. सकाळी न्यायाधीश लोकांकडे तोंड करून बसले. अकरा वाजता त्यांचं तोंड खिडकीकडे. सांगायची छाती कोणाची? वकील आपापली टेबलं उचलून त्यांच्यासमोर जायला लागले. दुपारी न्यायाधीशांचं तोंड भिंतीकडे. आणि नेमका त्याच वेळी निकाल वाचायचा होता. कोर्टात चिटपाखरू हलेना. न्यायाधीशांनी कागद उघडला, भिंतीला उद्देशून घसा खाकरला..."

"झाली माती," मोजपट्टी म्हणाली. "उठ आत्या, सावकाश."

मी तोंड मिटलं.

"मग?" आत्या अर्धी उठलेली. "निकाल कोणाच्या बाजूनं लागला?"

"ते पुढच्या वेळी."

"तुला माहीत नाही."

"मला माहीत आहे. पण अकरा मिनिटांचंच बोलणं झालं होतं."

मातीत ठसा सुरेख उमटला होता. मोजपट्टी त्याच्यावर वाकली ती अर्धा तास वाकलेलीच. टेप लावली, वहीत लिहिलं, पुन्हा टेप लावली. मग मला हाक मारली, आणि आवाज जरा ओला होता.

"काका, हे बघा. उजव्या बाजूचा खळगा डाव्यापेक्षा अडीच सेंटिमीटर खोल आहे."

"आहे खरा."

"चाळीस वर्षं उजव्या पायावर भार देऊन विणतेय ती. अंग तसं घडलंय. हे मी डोक्यानं कधीच काढलं नसतं. मातीला विचारलं म्हणून कळलं."

मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू. माणसाचं आयुष्य त्याच्या बुडावर लिहिलेलं असतं आणि आपण चेहरे वाचत बसतो, असं काहीतरी मी बोलून गेलो. सुतार "हं" म्हणाला. आमच्या सुताराचं हं म्हणजे दुसऱ्याचं तासाभराचं भाषण.

मातीत प्लास्टर ओतून साचा निघाला, म्हणजे आत्याची बैठक पांढरीशुभ्र, टणक. तिच्यावर काजळी फासायची, ती अक्रोडावर टेकवायची, जिथं काळं लागेल तिथं तासायचं. पुन्हा काजळी, पुन्हा टेकवायचं. असं चारशे वेळा. मी मोजलं नाही, पण चारशेच. आत्या फेऱ्या घालता घालता म्हणायची, "माझं बूड तिघं मिळून उचलताय, मला विचारलंत का?" सुतारानं पाय आणि पाठीचे दांडे जोडले, मी खुर्चीचे दोन हात कातले, बोटाला मऊ लागतील असे. पॉलिश नाही, नुसतं तेल आणि मेण. कुठं वेताची एक काडी नाही, औषधालाही खिळा नाही. अक्रोडाच्या रेषा पाण्यासारख्या खळग्यात उतरल्या होत्या. मी आयुष्यात बऱ्याच खुर्च्या पाहिल्यात. ह्या खुर्चीनं मला स्वतःच्या लेथची लाज वाटायला लावली.

दहाव्या दिवशी खुर्ची खिडकीजवळ ठेवली. मोजपट्टीनं आत्याच्या कमरेचा एप्रन सोडला.

"हा कशाला?"

"ही विश्रांतीची खुर्ची आहे. हत्यारं जवळ असली की तू उठतेस." आणि एप्रन नापासांच्या कपाटात गेला. कुलूप लागलं.

एप्रनशिवाय आत्या मला ओळखूच येईना. मी परक्या बाईसारखं "या, बसा" म्हणणार होतो. ती बसली. आम्ही तिघं श्वास धरून.

"कशी आहे?"

"छान आहे." मग जरा वेळानं, अगदी हळू, बंदरातून निघालेल्या होडीसारखी आत्या उजवीकडे कलू लागली. "पण मी चाललेय कुठं?"

तिनं स्वतःला सरळ केलं. पुन्हा कलली. खुर्चीच्या उजव्या हातावर कोपर रोवून धरलं तर खांदा वर चढला. तीन मिनिटं ती लढली आणि उठली.

सुतारानं डावे पाय दोन मिलिमीटर कापले. आत्या तरी कलली. उजव्या पायांखाली चामड्याचे तुकडे दिले. मग ती पुढे घसरायला लागली. जमीन तिरपी असेल म्हणून खुर्ची दुसऱ्या खोलीत नेली, मग तिसऱ्या. मांजराला बसवून पाहिलं, तेही उजवीकडे कललं, पण त्याची तक्रार नव्हती. मोजपट्टी वही उघडून तिचा तोच हिशेब पुन्हा तपासायची, उजवा पाय, चाळीस वर्षं, भार. "माती चुकत नाही," ती पुटपुटायची. "हात चुकतो. म्हणजे मी तासताना चुकले." ती जेवायची उभ्यानं, चहा प्यायची चालताना. तीन दिवस असे गेले. टक, घस, टक, घस. तेरा खुर्च्या रिकाम्या आणि चार माणसं उभी. डॉक्टरांच्या तारखेला आठ दिवस राहिले होते आणि आत्याची प्लास्टरमधून दिसणारी बोटं संध्याकाळपर्यंत वांग्यासारखी व्हायला लागली होती. रंगानंही.

त्या दिवशी दुपारी मला काही सुचेना म्हणून मी लेथ बंद करून भिंतीला टेकलो. समोर खिळ्याला आत्याचा पांढरा साचा टांगलेला होता. ऊन खिडकीतून आडवं येत होतं, आणि आडवं ऊन फार चुगलखोर असतं. सरळ उजेडात जे लपतं ते ते सांगून टाकतं. उजव्या गोलाईवर मला दोन उंचवटे दिसले. बारीक, एकमेकांशेजारी, जरा वाकलेले. त्यांच्या बाजूला एक गोल टेंगूळ, बुचाएवढं.

मी जवळ गेलो. बोट फिरवलं. चाळीस वर्षं मी ही वस्तू तिच्या हातात पाहिली होती.

"पोरी," मी हाक मारली, "तुझ्या आत्याच्या बुडाला पकड आहे."

"काका, आत्ता नको."

"थाप नाही. ये आणि हात लावून बघ."

ती आली. बोट ठेवलं. पकडीचा एक दांडा, दुसरा दांडा, बूच, त्याच्याखाली खुंट्यांचा ढीग. आत्या एप्रन घालून मातीत बसली होती. आम्ही तिघं समोर उभे होतो, दोघांच्या डोळ्यांना चष्मा होता, आणि तो एप्रन कोणालाच दिसला नव्हता. तो नसता तर दिसला असता. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "मला टोचत होतं. मला वाटलं, डिझायनचा भाग असेल."

मोजपट्टीनं वही काढली आणि चाळीस वर्षं उजव्या पायावर असं जिथं लिहिलं होतं त्या पानावर एक तिरपी रेघ ओढली.

"नवी बैठक करायला पुन्हा चार-पाच दिवस जातील," ती म्हणाली. "आणि आपल्याकडे आठच दिवस आहेत. त्यात ती बसणार कधी?"

पण डिझायनर ती डिझायनर. रात्र जाऊन सकाळ होते न होते तोच तिनं चामड्याची एक पुरचुंडी शिवून आणली. आत बारीक वाळू, वजन बरोबर त्या खिशाएवढं, आकारही तोच. टाका इतका नाजूक की माझ्या डोळ्यांना दिसेना. ती खळग्यात ठेवली आणि आत्याला बसवलं. आत्या सरळ. ना उजवीकडे, ना डावीकडे. सुतार "हं" म्हणाला. मोजपट्टीनं डोळे मिटले.

सातव्या मिनिटाला आत्याचा उजवा हात मागे गेला. पुरचुंडीवर फिरला. दाबून पाहिलं, चाचपलं, पुन्हा मांडीवर आला. परत मागे गेला. डोळा चुकवून चोरासारखा. नवव्या मिनिटाला ती उभी.

"काय झालं?"

"ह्यात काही नाहीये," आत्या म्हणाली. "वाळू आहे नुसती. हात जातो आणि रिकामा येतो. मला कसंतरी होतं." आणि टक, घस.

मग जे भांडण झालं ते मी इथं सगळं लिहीत नाही. मी म्हटलं, एप्रन दे. मोजपट्टी म्हणाली, एप्रन दिला की ती काम शोधत उठेल. मी म्हटलं, काम तिच्यापाशी आणून ठेवू. ती म्हणाली, "काका, तिला बसून विणता येत नाही. तिनंच सांगितलंय, पट्टी वरून खेचावी लागते. हातात हत्यार दिलं की पाय जमिनीवर येणारच." आणि खरं सांगायचं तर तिचंच बरोबर होतं. मी फक्त आवाज मोठा केला होता. आत्या आमच्या दोघांच्या मधून एकदा ह्या बाजूनं आणि एकदा त्या बाजूनं गेली.

"तुम्ही माझ्याबद्दल बोलताय ना?"

"हो," आम्ही दोघं म्हणालो.

"मग बाजूला होऊन बोला. मला जायचंय."

"कुठं?" मोजपट्टीनं विचारलं.

आत्या थांबली. ती त्या खोलीच्या मधोमध एका पायावर उभी राहिली, एक हात कमरेवर, जिथं खिसा असायचा तिथं, आणि पहिल्यांदाच मला ती दमलेली दिसली. "माहीत नाही," ती म्हणाली. "पाय खूप दुखतोय ग."

मोजपट्टीनं गळ्यातल्या टेपमागची किल्ली काढली, कपाट उघडलं, एप्रन काढला आणि आत्याच्या कमरेला स्वतः बांधला.

आत्या खुर्चीत बसली. खिसा खळग्यात गेला तो म्यानात सुरी जावी तसा. ती सरळ बसली. प्लास्टरचा पाय सुतारानं उचलून स्टुलावर ठेवला. तिचा हात मागे गेला आणि आरी घेऊन आला. आता आरी हातात, आणि करायला काही नाही. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. वेताचा जुडगा समोरच्या भिंतीला, टेबल खोलीच्या दुसऱ्या टोकाला. तिच्या चांगल्या पायाची टाच उचलली गेली. मी बघितलं, मोजपट्टीनंही बघितलं.

मग आत्याचा अंगठा खुर्चीच्या उजव्या हातावरून फिरला, मी कातलेल्या, आणि जिथं हात खांबाला मिळतो तिथं थांबला. सुतारानं घाईत तिथला सांधा जरा उघडा सोडला होता. केसभर.

"हे असं उघडं ठेवलंय?" ती म्हणाली. "हात भाजेल ना कोणाचा. वेत दे."

कसा भाजेल हे मी विचारलं नाही. वेत मोजपट्टीनं द्यायचा होता, आणि ती जागची हलेना. ती खुर्ची तिची होती. चार महिने उशाशी घेऊन झोपलेलं अक्रोड, कुठंही वीण नाही, गादी नाही, झाकणं नाही. लाकडाला लाकूड म्हणून राहू दिलेलं. तिनं खुर्चीकडे पाहिलं, आत्याच्या उचललेल्या टाचेकडे पाहिलं, आणि बादलीत भिजत घातलेल्या पट्ट्यांतली एक काढून, फडक्यानं निथळून, आत्याच्या हातात दिली.

आत्यानं पहिला वेढा घातला. खुर्चीच्या त्या हाताला उभ्यानं वीण घालता येत नाही. मी नंतर करून पाहिलं, मनगट उलटं वळतं. आतून, बसूनच, कोपर अंगाशी धरून ओढावं लागतं. टाच खाली आली आणि तिथंच राहिली.

"वरून खेचायला नको का?" मोजपट्टीनं हळूच विचारलं.

"हे खुर्चीच्या हाताचं काम आहे, बैठकीचं नाही," आत्या म्हणाली. "तुला फरक कळायला वेळ आहे. दुसरी पट्टी दे, ही जाड आहे. आणि थापाड्या, तू मोकळाच आहेस तर ते सांग. निकालाचं."

झालं. आता माझी पाळी आली. निकाल सांगितला तर गोष्ट संपणार आणि गोष्ट संपली की ही कदाचित उठणार. म्हणून मी आधी सांगितलं की भिंतीवर एक पाल होती. पालीची हकीकत दोन दिवस चालली. मग भिंतीपलीकडे कोण राहत होतं ते. मग त्या वकिलांच्या टेबलांचे पाय कोणी कातले होते ते. उरलेल्या दिवसांत खुर्चीचे दोन्ही हात विणून झाले, पाठ विणून झाली, आणि न्यायाधीशांनी अजून पहिलं वाक्य वाचलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी फोटो दिव्यासमोर धरला.

"भेग तेवढीच आहे. कडेला जुळायला लागलीय. काय केलंत?"

"बसले," आत्या म्हणाली, जणू एखादं अवघड गाव चालून आली होती.

अजून चार आठवडे सांगितले होते. त्या चार आठवड्यांत तिनं खुर्चीचे पुढचे पाय विणले, मग वाकून पोचेल तिथपर्यंत मागचे, मग शेजारी ठेवलेल्या दोन्ही कुबड्या. मांजर त्या खोलीत येईनासं झालं. शेपटीची काळजी असेल. मोजपट्टी रोज एकदा यायची, वेताखाली जिथं जिथं अक्रोड अजून दिसत होतं तिथं बोट ठेवायची आणि जायची. शेवटी फक्त बैठक उरली. तिला आत्यानं हात लावला नाही. "ती तुझी," ती म्हणाली.

प्लास्टर निघालं त्या दिवशी आत्या खुर्चीतून उठली. दोन्ही पाय जमिनीवर. खिडकीपासून टेबलापर्यंत चालत गेली. टक नाही, घस नाही. आम्ही तिघं तिच्या टाचेकडे बघत होतो. टेबलापाशी तिनं वेताचा जुडगा उचलला, वास घेतला, आणि पुन्हा खाली ठेवला. आणि वळून माझ्याकडे आली.

"बस," ती म्हणाली.

"कुठं?"

"खुर्चीत. मी पाच आठवडे बसले. आता तू."

"मला लेथवर काम आहे."

"बस म्हणते ना."

मी बसलो. माझ्या खिशात रुमालही नव्हता. उजवीकडचा खळगा माझ्याखाली उघडा पडला आणि मी हळूहळू कलायला लागलो. मोजपट्टी टेप काढून माझ्याकडे बघत होती. आत्यानं स्टूल ओढलं, समोर टेकली, दोन्ही टाचा जमिनीला लावून, आणि हात मांडीवर ठेवले.

"आता सांग. निकाल कोणाच्या बाजूनं लागला?"

मी तोंड उघडलं. न्यायाधीश अजून भिंतीकडे तोंड करून बसले होते, आणि त्यांच्या हातातल्या कागदावर काय लिहिलंय ते मलाही दिसत नव्हतं.